लातूरच्या उन्हाळ्यातली बाग: अंगणाला किती पाणी परवडतं?

(या भागातलं बोलणं जवळपास जसंच्या तसं इथे दिलंय. अडखळणं आणि मधे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढली आहे.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "आमच्याकडे पाणी कमी आहे, कोणती झाडं लावू?" प्रश्न साधा आहे. पण उत्तराची सुरुवात झाडांच्या यादीने केली की गाडी चुकीच्या रुळावर जाते. म्हणून आज उलट्या बाजूने जाऊ. आधी पाणी मोजू, झाडं मग.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी: मी सॉफ्टवेअरवाला. कंपनी पुण्यात, मी लातुरात. घरून काम करतो, आणि दोन मीटिंगच्या मधल्या वेळात अंगणात असतो. बी.टेक.चा झाडांशी काही संबंध नाही, पण हिशेब करायची सवय मात्र तिथूनच लागली.

तर हिशेब. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. बस. पावसाच्या बातमीत "आज वीस मिलिमीटर पाऊस" ऐकलंत, तर तुमच्या गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर वीस लिटर पडले. आणि हेच गणित वर जाणाऱ्या पाण्यालाही लागू आहे. आमच्याकडे मे महिन्यात हिरवं गवत असलेल्या जमिनीतून, माती आणि पानं मिळून, दिवसाला साधारण सात मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं. म्हणजे दर चौरस मीटरमागे सात लिटर. रोज.

आता हे आमच्या घराला लावतो. नवीन घर बांधलं तेव्हा समोर चारशे चौरस फूट जागा सुटली होती. पप्पा रिटायर झालेले. त्यांचं एकच स्वप्न होतं: समोर हिरवंगार लॉन, त्यावर दोन खुर्च्या, संध्याकाळचा चहा. नर्सरीवाल्याने कार्पेट लॉनचा भावही सांगून ठेवला होता. मी कागद घेऊन बसलो. चारशे चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. लॉनला सातातलं थोडं कमी धरू, साडेपाच लिटर. गुणाकार केला की रोजचे दोनशे लिटर होतात. पाच हजार लिटरचा टँकर चोवीस-पंचवीस दिवसांत संपला. आणि शहरातल्या पाणीयोजना आखताना एका माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे ते लॉन आमच्या घरात दीड माणूस म्हणून राहायला येणार होतं. तोही फक्त पाणी पिणारा, कामाला हात न लावणारा.

पप्पांना आकडा पटला नाही. आकडे पटत नाहीत हो कुणाला. आजी मात्र ओसरीवरून एकच वाक्य बोलली, "आरं, माणसाला प्यायला न्हाई अन् तू गवताला पाजायलास व्हय?"

तिथे विषय थांबला. कारण त्या वाक्यामागे काय आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्च महिन्यात शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून. आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मी तेव्हा बाहेरगावी कॉलेजात होतो. मित्र गंमतीने विचारायचे, "तुमच्याकडे ट्रेनने पाणी येतं का रे?" गंमत कसली! घरी फोन केला की आई आधी हेच सांगायची, की आज किती घागरी मिळाल्या.

अशा गावात बाग लावावीच का? हा प्रश्न मला कुणी कमेंटमध्ये विचारला तर मी हसून टाळणार नाही, तो खरा प्रश्न आहे. माझं उत्तर असं: पिण्याचं ताजं पाणी घालून लावू नये. टँकरचं तर नाहीच. पण अंगणाला सगळीकडून फरशी ठोकून टाकणं हाही उपाय नाही. फरशीवर पडलेलं पावसाचं पाणी गटारात जातं, आणि मेमध्ये तीच फरशी रात्री अकरापर्यंत तापलेली राहते. मग आत कूलर जास्त चालतो, आणि कूलर पाणी पितोच. तेव्हा बाग असावी, पण घरातलं वापरलेलं पाणी आणि अंगणात पडलेला पाऊस, या दोनच गोष्टींवर जगणारी. हे आमच्या घराचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट. बाकी सगळं यातून निघालं.

आता इंटरनेटवर "कमी पाण्याची बाग" शोधलंत तर काय दिसतं? पांढरे गोटे, मधे चार निवडुंग, एखादा मोठा दगड. फोटो भारी येतात. या पद्धतीचं नाव झेरिस्केप. हा शब्द अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीखात्याने १९८१ मध्ये काढला. त्यामागचा विचार चांगला आहे, म्हणजे पाण्याच्या गरजेप्रमाणे झाडांचे गट करा, लॉन कमी करा, माती झाका. तो घ्या. पण फोटो घेऊ नका. ते फोटो बहुतेक ॲरिझोनासारख्या वाळवंटी भागातले असतात. फिनिक्समध्ये वर्षभरात जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या लातूरला साधारण सातशे ते आठशे. चक्रावलात ना? आपण वाळवंट नाही आहोत. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, त्यातही काही वर्षी दगा देतो, आणि मग आठ महिने वाट बघायला लावतो. त्यात आपली माती काळी. ओली झाली की लोण्यासारखी चिकट होते, दिवसेंदिवस पाणी धरून बसते. वाळली की हात जाईल अशा भेगा.

म्हणजे आपल्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. ऑगस्टमध्ये पाय चिखलात, मेमध्ये पाय भेगेत. ॲरिझोनाचा निवडुंग दुसरी परीक्षा सहज पास होतो आणि पहिलीत कुजून जातो. मला वाटतं दुष्काळी भागातली बाग फसते ती अर्धी उन्हाळ्यात आणि अर्धी पावसाळ्यात, फक्त पावसाळ्यातलं मरण आपल्या लक्षात येत नाही. आपण म्हणतो, "काय माहीत, सुकलंच."

आणि गोट्यांबद्दल एकच सांगतो. लातूरच्या उन्हात झाडाच्या बुडाशी गोटे पसरणं म्हणजे मुळांना तव्यावर बसवणं. पुढे.

आता पावसाचं पाणी. आमचा स्लॅब हजार चौरस फुटांचा, म्हणजे ९३ चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पावसाला त्यावर पडतात ६५ हजार लिटर. थोडं उडालं, पहिल्या पावसाची घाण सोडून दिली, तरी पन्नास हजार लिटर हाती लागतात. अंगणाखाली हौद आहे दहा हजार लिटरचा. तो एकदा भरला की बाकीचं कुठे साठवायचं? सगळे इथे अडकतात आणि मोठ्या टाकीचं कोटेशन मागवतात. अहो, टाकी अंगणातच आहे! एक मीटर खोल चांगली काळी माती झाडाला उपयोगी पडेल असं दीडशे मिलिमीटर पाणी आरामात धरते. आपला नियम लावा: दर चौरस मीटरला दीडशे लिटर. साठ चौरस मीटर मोकळी माती असेल तर झाले नऊ हजार लिटर. जवळपास आमच्या हौदाएवढे, एक रुपया न घालता.

ही टाकी दोन ठिकाणी गळते. एक, पाणी आत शिरण्याआधीच वाहून जातं. त्यावर उपाय म्हणजे गच्चीचा पाइप थेट गटारात न सोडता अंगणातल्या उथळ चरात सोडायचा, आणि तो चर झाडांच्या ओळीलगत फिरवायचा. पायाला, म्हणजे घराच्या पायाला, पाणी लागणार नाही एवढं अंतर मात्र ठेवा. काळ्या मातीवरचं बांधकाम असलं तर जास्तच. दोन, भेगा. भेगा पडल्या की खालची ओल थेट हवेला लागते. त्यावर आच्छादन. आमच्या भागात उसाचं पाचट मिळतं, सोयाबीनचं भुसकट मिळतं, तुराट्या मिळतात. लोक ते बांधावर पेटवून देतात, मी गाडीच्या डिकीत भरून आणतो. तीन-चार इंचांचा थर द्यायचा. खोडाला चिकटवायचा नाही, चार बोटं जागा सोडायची. भिंतीला तर अजिबात टेकवायचा नाही, वाळवी लागते. एप्रिलच्या दुपारी पाचट बाजूला करून बोट घालून बघा, ओल कुठे लागते ती. आणि उघड्या जमिनीतही बघा. मग मला काही पटवायची गरज उरणार नाही.

हां, एक सावधगिरी. नव्या प्लॉटमध्ये वरची माती बऱ्याचदा मातीच नसते, तो मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा असतो. तेव्हा आधी फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा, आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच साचलेलं असेल तर तिथे झाड उंचवट्यावर लावायचं. एका तासात गायब झालं तर तिथे शेणखत आणि काळी माती घालायला लागेल. ही चाचणी कुठल्याही ॲपपेक्षा बरी.

आता झाडं. किती वेळ थांबवलं तुम्हाला!

आमच्या घरात चौघांचं मिळून, डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं पंधरा लिटर आणि आंघोळीचं साठ लिटर, असं रोज ७५ लिटर वापरलेलं पाणी बाहेर पडतं. हे आमचं उन्हाळ्यातलं बजेट. यात लॉन जगवायचं तर १३-१४ चौरस मीटर जगतं. तेच कमी पिणारी झुडपं असतील, ज्यांना मेमध्ये चौरस मीटरमागे दोन लिटर पुरतात, तर पस्तीस चौरस मीटर हिरवं राहतं. पाणी तेवढंच, सावली अडीचपट.

मग मी अंगणाचा नकाशा काढला आणि स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात केली. दाराजवळ ती झाडं, जी रोज थोडं मागतात: तुळस, कढीपत्ता, मोगरा. आई तांदूळ धुते आणि दोन पावलं टाकून तिथेच ओतते. हे महत्त्वाचं आहे. ज्या झाडाला पाणी घालायला बादली घेऊन वीस पावलं जावं लागतं, ते झाड जूनच्या आधी विसरलं जातं. बाथरूमच्या पाइपाच्या तोंडाशी कर्दळ, तिला पाणी कितीही द्या, आणि साबणाच्या पाण्याची तिची तक्रार नसते. तिथून पुढे ते पाणी लिंबाकडे जातं.

त्याच्यापुढे मधली जागा. तिथे सीताफळ. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कुणी पाणी घालून वाढवत नाही, उन्हाळ्यात ते स्वतःच पानं टाकून गप्प बसतं. शहरातली माणसं मात्र पानं गळलेलं सीताफळ बघून घाबरतात आणि बादल्या ओततात. नका ओतू, झोपलंय ते. शेजारी चाफा, पण उंचवट्यावर, कारण त्याच्या खोडातच पाणी असतं आणि पावसाळ्यात बुडाशी साचलेलं त्याला चालत नाही. शेवग्याचंही तसंच. पश्चिमेच्या भिंतीवर बोगनवेल, कारण दुपारचं ऊन तिथे येतं. बोगनवेलीला जास्त पाणी दिलं तर नुसती पानं वाढतात. थोडी तहानलेली ठेवली की बहर.

आणि कंपाउंडलगत, जिथे पाणी पोचतच नाही, तिथे तरवड आणि कण्हेर. तरवड तुम्ही बघितलाय, नाव माहीत नसेल. रस्त्याच्या कडेला, माळावर, पिवळ्याधमक फुलांचं झुडूप. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. नर्सरीत मिळत नाही म्हणून त्याला किंमत नाही, असं माझं ठाम मत आहे. शेंगा वाळल्या की बी गोळा करायचं, पावसाच्या तोंडावर टाकायचं. कण्हेर हायवेच्या दुभाजकात असते, म्हणजे धूर आणि तहान दोन्ही सोसते. पण ती सगळीच्या सगळी विषारी आहे, पान, फूल, बी सगळं. घरात रांगतं मूल असेल किंवा गल्लीत मोकळ्या शेळ्या असतील तर कण्हेर लावू नका, तरवडच लावा.

पप्पांच्या खुर्च्यांचं काय? त्यांच्यासाठी सीताफळाच्या कडेला सहा फूट बाय सहा फूट हरळी ठेवली. आपलीच, शेताच्या बांधावरची. शेतकरी तिला शिव्या देतो, आणि गणपतीत तिच्याच दूर्वा शोधत फिरतो. मार्चनंतर तिला पाणी बंद. ती पिवळी पडते, मग तपकिरी, मेली असं वाटतं. मृगाचे दोन पाऊस झाले की आठवड्यात हिरवी. पहिल्या उन्हाळ्यात पप्पा रोज म्हणायचे, "गेलं बघ तुझं गवत." जूनच्या मध्यावर एका सकाळी ते काही न बोलता खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसले. आमच्याकडे माघार अशीच घेतात.

आता एक गोष्ट, जी नर्सरीत कुणी सांगत नाही. दुष्काळ सोसणारं झाड पहिल्या वर्षी दुष्काळ सोसत नाही. ते सोसायची ताकद मुळांत असते, आणि पिशवीतल्या रोपाला मुळं असतात वीतभर. त्याला कमीत कमी एक, बरं असेल तर दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. म्हणून लावायचं जूनच्या शेवटी किंवा जुलैत, म्हणजे पुढचे तीन-चार महिने आभाळ सांभाळतं. फेब्रुवारीत हौसेने लावाल तर पहिल्या दिवसापासून तुम्ही बांधले गेलात. आणि एका उन्हाळ्यात किती रोपं पोसता येतील तेवढीच लावा. आम्ही ७५ लिटरच्या हिशेबाने दरवर्षी सहा-सातच नवी लावली. चार वर्षं लागली अंगण भरायला.

पाणी देताना रोज लोटाभर नको. रोज वरवर ओलं केलं की मुळं वरच राहतात, आणि वरची माती आधी तापते. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर, आळं भरून. मुळं पाण्यामागे खाली जातात. आळं खोडाला लागून नको, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे हवं. आणि पाऊस लागला की आळं मोडून बुडाशी मातीची भर द्यायची, नाहीतर तीच वाटी पावसाळ्यात डबकं होते.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनीअर आहेस, सेन्सर कुठे आहे? आहे. ड्रॉवरमध्ये. काळ्या मातीत त्याची अडचण अशी की माती आकसते, सेन्सरच्या बाजूला फट पडते, आणि तो मातीऐवजी हवा मोजायला लागतो. स्क्रीनवर "कोरडं, कोरडं", आणि शेजारी चार बोटं खाली चांगली ओल. वाळूमिश्रित मातीत किंवा कुंडीत तो बरा चालतो.

त्याऐवजी मडकं पुरतो. साधं, रंग न दिलेलं, आठ-दहा लिटरचं, गळ्यापर्यंत मातीत. वर झाकण, नाहीतर डास. मडकं पाझरतं ते मातीच्या ओढीने. माती कोरडी असेल तर ओढ जास्त, पाणी जास्त सुटतं. ओली असेल तर पाझर मंदावतो. म्हणजे सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह, तिन्ही एका भाजलेल्या भांड्यात. बॅटरी नाही, वायफाय नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात हीच युक्ती नोंदवलेली आहे, तेव्हा माझं पेटंट नाही. आमच्या मातीसाठी फक्त एक बदल: मडक्याभोवती वाळू आणि शेणखताचं मिश्रण दाबून भरायचं, म्हणजे भेग पडली तरी मडकं आणि माती यांचा हात सुटत नाही. बोअरचं जड पाणी भरलं तर दोन-तीन वर्षांत छिद्रं क्षारांनी बुजतात. मग नवं मडकं. ठिबकलाही हेच दुखणं आहे, ड्रीपर पांढरे पडून बंद होतात.

क्षारांवरून, वापरलेल्या पाण्याबद्दल तीन शब्द. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी कुंडीत घालू नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरा. कपड्यांचं पहिलं पाणी झाडांना नको, डिटर्जंटमधल्या सोडियमने काळी माती आणखी घट्ट बसते. शेवटच्या खळखळण्याचं, मोठ्या झाडाला, अधूनमधून चालेल. आणि कोणतंही वापरलेलं पाणी बादलीत साठवून ठेवायचं नाही, त्याच दिवशी मातीत. कोथिंबीर-पालकसारख्या पानभाजीवर आंघोळीचं पाणी तर नाहीच.

ज्यांच्याकडे अंगण नाही, फक्त बाल्कनी, त्यांच्यासाठी थोडक्यात. कुंडी ही टाकीच आहे, फक्त अगदी छोटी. त्यामुळे लहान दहा कुंड्यांपेक्षा मोठ्या तीन ठेवा. सगळ्या एकत्र चिकटवून, म्हणजे एकमेकींना सावली. काळ्या ग्रो-बॅगवर उन्हाळ्यात गोणपाट गुंडाळा. चार दिवस गावी जायचं असेल तर सुती दोरीची जाड वात करून एक टोक मातीत खोल आणि दुसरं पाण्याच्या बाटलीत, बाटली थोडी वर. जायच्या आधी दोन दिवस करून बघा, दोरीगणिक वेग बदलतो. झाडं म्हणाल तर कोरफड, सदाफुली, गोकर्ण. सदाफुली तर सिमेंटच्या फटीतही उगवते, तिच्यासाठी काय व्हिडिओ बघायचा!

तुमच्या गच्चीचं माप आणि गावाचा सरासरी पाऊस मला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या तीन-चार घरांचा हिशेब इथेच करू. सोबत अंगणाच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी पाणी होतं की नव्हतं, तेही लिहा. चला, माझी साडेअकराची मीटिंग आली. भेटू.